सतरा सप्टेंबरचा निबंध आणि त्यात नसलेलं आपलं गाव

१७ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांत निबंध स्पर्धा सुरू होतात. विषय ठरलेला, 'मराठवाडा मुक्तिसंग्राम'. पत्रकार म्हणून मलाही अधूनमधून परीक्षक म्हणून बोलावतात. खरं सांगतो, एक निबंध वाचा नाहीतर पन्नास, मजकूर तोच. निजामाने विलीनीकरण नाकारलं, रझाकारांनी अत्याचार केले, १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली, १७ तारखेला संस्थान शरण आलं. सगळं बरोबर आहे. पण हाच निबंध जालन्याचं पोरगं लिहितं, हिंगोलीचंही लिहितं. यात अंबाजोगाई कुठंय?

निजामाच्या काळात आपलं गाव मोमिनाबाद. सरकारी भाषा उर्दू, १९१८ ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. अशा राज्यात मराठी शाळा चालवणं हीच एक चळवळ होती. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये इथं आले आणि योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक झाले. जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, पण कर्मभूमी आपली. १९३८ ला शाळा सोडून ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. आपण रोज 'एसआरटी' म्हणतो ना, त्या अक्षरांमागचा माणूस आधी आपल्या गावचा हेडमास्तर होता!

त्याच १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातल्या कितीतरी जणांनी नागपूरला जाऊन शिक्षण पूर्ण केलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. म्हणजे हा लढा विद्यार्थ्यांचाही होता, आणि आजचे विद्यार्थी त्यावर मोबाइलमधून उतरवलेला निबंध लिहितात.

आणखी एक गोष्ट निबंधात कधीच येत नाही. पोलीस अ‍ॅक्शननंतर संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमानांवर हल्ले झाले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, तिचा अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढे आलाच नाही. रझाकारांचा जुलूम खरा आणि हेही खरं. पोरांना दोन्ही कळायला हवं.

आता वेळ फार थोडा आहे. १९४८ ला पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदी ओलांडून गेलंय. ते गेलं की त्याच्यासोबत आपल्या गल्लीचा इतिहासही जाणार.

म्हणून शाळांना आणि बक्षिसं देणाऱ्या मंडळींना एक विनंती. निम्मे गुण पुस्तकातल्या माहितीला द्या, निम्मे पोरानं स्वतः विचारून आणलेल्या माहितीला. आजी-आजोबांना विचारा, शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाचांना विचारा, तेव्हा घरात काय घडलं, कोण गाव सोडून गेलं, कोण परत आलं. कुणी सांगितलं, कोणत्या गावचं, कोणत्या तारखेला सांगितलं, हे खाली लिहायला लावा. अक्षर वाकडं असलं तरी चालेल.

आणि स्पर्धा संपली की ते निबंध रद्दीत घालू नका. शाळेच्या ग्रंथालयात एक फाईल करून ठेवा. दहा वर्षांत तालुक्याचा असा इतिहास जमा होईल, जो आज कुठल्याच पुस्तकात नाही.