एसईओ म्हणजे काय? आपली बातमी गुगलवर सापडावी यासाठी मजकूर कसा लिहावा

गुगलवर नुसते ‘मुरुड’ लिहून शोधले तर बहुतेक वेळा समोर येते रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा. मग दापोली तालुक्यातील, महर्षी कर्वे यांचे मुरुड. लातूर-बार्शी रस्त्यावरील आपले मुरुड या गर्दीत मागे पडते. इथल्या वर्षावासाची किंवा जयंतीची बातमी वेबसाइटवर असली, तरी शोधणाऱ्याला ती मिळत नाही. बातमी चुकीची नसते, पण ती कोणत्या मुरुडची हे मजकुरात लिहिलेले नसते. शोधणाऱ्याला नेमका मजकूर मिळावा म्हणून पानात जी सुधारणा केली जाते, तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा थोडक्यात एसईओ म्हणतात.

सर्च इंजिन काम कसे करते?

हे काम तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पाने वाचतो. दुसऱ्या टप्प्यात वाचलेल्या पानांची सूची तयार होते, तिला इंडेक्स म्हणतात. तिसऱ्या टप्प्यात कोणी काही शोधले की सूचीतील पानांचा क्रम लावला जातो. मजकुरातील शब्द, शीर्षक, इतर वेबसाइटवरून आलेल्या लिंक, पानाचा वेग आणि शोधणाऱ्याचे ठिकाण अशा अनेक गोष्टी त्यात पाहिल्या जातात. पैसे देऊन या नैसर्गिक क्रमात वरची जागा मिळत नाही. जाहिराती वेगळ्या असतात आणि त्यांवर तसे लिहिलेले असते.

गावाचे नाव पूर्ण लिहा

‘भव्य कार्यक्रम उत्साहात संपन्न’ या शीर्षकावरून वाचकालाही काही कळत नाही आणि गुगललाही. ‘मुरुड (ता. लातूर) येथे धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा’ असे लिहिले की गाव, तालुका आणि विषय तिन्ही कळतात. शीर्षक फार लांब झाले तर शोधाच्या यादीत ते कापले जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी घ्या. पहिल्याच परिच्छेदात कुठे, कधी आणि काय हे सांगा. ‘काल’, ‘रविवारी’ असे न लिहिता पूर्ण तारीख व वर्ष लिहा. पाच वर्षांनी वाचणाऱ्याला ‘काल’ कळणार नाही.

हा प्रश्न फक्त बातमीचा नाही, इतिहासाचाही आहे. नामांतर आंदोलनाच्या काळात, १९७८ च्या हिंसाचारात शहीद झालेले पोचिराम कांबळे नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे. पण नुसते ‘टेंभुर्णी’ शोधले तर पुणे-सोलापूर महामार्गावरील, माढा तालुक्यातील टेंभुर्णी पुढे येते. आपल्या लेखात ‘नांदेड जिल्हा’ हे दोन शब्द राहिले, तर त्या गावाची नोंद दुसऱ्या गावाच्या मागे झाकली जाते.

लोक जे शब्द शोधतात ते वापरा

एकाच गोष्टीसाठी लोक वेगवेगळे शब्द टाइप करतात. विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी ठराव झाला तो विद्यापीठाच्या नामांतराचा, तर १४ जानेवारी १९९४ रोजी झाला तो नामविस्तार. लेखात दोन्ही शब्द योग्य जागी आले पाहिजेत. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली ते कसबे तडवळे आज धाराशिव जिल्ह्यात आहे. जुन्या लेखनात मात्र जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असे आहे. गावाचे नावही कोणी ‘तडवळे’ लिहितो, कोणी ‘तडवळा’. मुरुड आणि मुरूड यांचेही तसेच. प्रचलित रूप कायम वापरा आणि दुसरे रूप एकदा सहज येऊ द्या.

मात्र तोच शब्द वीस वेळा कोंबू नका. गुगल अशा मजकुराला स्पॅम समजते. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी भरून उपयोग होत नाही, कारण क्रम लावताना ती यादी पाहत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

अक्षरे खरी हवीत, चित्रातली नकोत

आपल्याकडील बरीच माहिती पत्रिका, बॅनर आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकलेली आहे. चित्रातील अक्षरे गुगल काही प्रमाणात ओळखते, पण त्यावर विसंबू नये. पत्रिकेचा फोटो टाकला तरी खाली सगळा मजकूर टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

युनिकोडमध्येही एक चूक वारंवार होते. ‘आ’ हे एक अक्षर आहे. काही जण ‘अ’ला काना जोडून ते तयार करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे आहेत. त्यामुळे ‘आंबेडकर’ हे नावच शोधात निसटू शकते. लेख तयार झाल्यावर पानावर ‘आंबेडकर’ शोधून पाहा. शब्द दिसत असूनही सापडला नाही, तर टायपिंग तपासा.

पत्ता, फोटो आणि लिंक

पानाचा पत्ता म्हणजे यूआरएल छोटा ठेवा. देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी केल्यावर त्यातील प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात. ‘मुरुड’ एवढ्या शब्दाची पंचेचाळीस! म्हणून पत्त्यापुरती रोमन अक्षरे सोयीची. फोटोला ओळ द्या आणि ‘ऑल्ट’ मजकुरात फोटोत काय आहे ते लिहा. अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरलाही त्याचा उपयोग होतो. फोटोचा आकार कमी करा, कारण आपला वाचक गावातल्या नेटवर्कवर मोबाइलवर वाचतो.

१४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर या दिवसांची माहिती देणारे प्रत्येकी एक कायमचे पान ठेवा आणि दरवर्षी त्यातच भर घाला. दरवर्षी नवे पान केले तर जुन्या पानाने कमावलेल्या लिंक वाटल्या जातात. जुने पान हलवावेच लागले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ‘रीडायरेक्ट’ लावा.

तपासणी आणि विश्वास

गुगलचे ‘सर्च कन्सोल’ मोफत आहे. लोक कोणते शब्द शोधून आपल्या पानावर येतात आणि कोणती पाने सूचीत नाहीत, हे त्यात दिसते. बदलांचा परिणाम दिसायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. ‘पहिला क्रमांक हमखास’ असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा; अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गुगल स्वतःच सांगते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे विश्वास. लेखावर लेखकाचे नाव आणि तारीख द्या, चूक दुरुस्त केली तर तसे नमूद करा. बाबासाहेबांचे वचन देताना महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ या खंडांतील खंड व पान क्रमांक लिहा. बनावट वचने समाजमाध्यमांवर भरपूर फिरतात. खरे वचन शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आधी आपले पान मिळाले, तर एसईओसाठी घेतलेले कष्ट कामी आले असे समजा.