आगमनकाळ

ख्रिस्ती उपासनावर्षातील नाताळपूर्व चार रविवारांचा काळ. पाश्चात्त्य परंपरेत तो संत अंद्रियाच्या सणाला (३० नोव्हेंबर) सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. चर्चचे नवे वर्षही त्याच रविवारी उजाडते. रविवार चार असले, तरी आठवडे पुरे चार मिळतातच असे नाही. २०२३ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला आणि शेवटचा आठवडा एका दिवसात आटोपला.

या काळाचे जुने रूप उपासाचे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात गॉलमधील (आजचे फ्रान्स) तूरचे बिशप पर्पेत्यूस यांनी संत मार्टिनच्या सणापासून (११ नोव्हेंबर) नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिला. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही नाताळाआधी चाळीस दिवसांचा, तर केरळच्या सुरियानी ख्रिस्ती समाजात पंचवीस दिवसांचा उपास असतो. रोमन परंपरेत उपासाची सक्ती आता नाही. धर्मगुरूंची जांभळी वस्त्रे आणि रविवारच्या मिस्सातून वगळलेले ग्लोरिया हे स्तुतिगीत या संयमाच्या खुणा आहेत. हालेलुया मात्र गायले जाते, कारण ईस्टरपूर्व उपवासकाळापेक्षा या काळात आनंदाचा अंश अधिक आहे. तिसऱ्या रविवारी गुलाबी वस्त्रे येतात, तीही त्याच आनंदासाठी.

१६ डिसेंबरपर्यंतच्या उपासनेचा भर बेथलेहेमच्या गव्हाणीवर नसून ख्रिस्ताच्या अंतिम पुनरागमनावर असतो : जागे राहा, वेळ ठाऊक नाही. यशया संदेष्टा आणि बाप्तिस्मा देणारा योहान हे या दिवसांचे मुख्य आवाज. १७ तारखेपासून वाचने येशूच्या जन्मकथेकडे वळतात. घडून गेलेल्या आगमनाचे स्मरण आणि व्हायच्या आगमनाची वाट, या दोन्हींमुळे आगमनकाळ सणाआधीची नुसती दिवसगणती राहत नाही.

प्रत्यक्षात डिसेंबर हा ख्रिस्ती घरांतला सर्वांत धावपळीचा महिना. गोव्यात ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, ८ तारखेला पणजीच्या चर्चचे फेस्त, मग घराची रंगरंगोटी, गोठ्याची मांडणी, दोदोल-नेवऱ्यांचा घाट आणि परगावाहून येणारी माणसे. शहरांत वर्षअखेरीच्या हिशेबांचे आणि शाळांच्या कार्यक्रमांचे ओझे वेगळेच. या सगळ्याला अधार्मिक ठरवणे अन्यायाचे होईल. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी केलेला फराळ हीही भक्तीच आहे. लूकच्या शुभवर्तमानात पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेलाही येशू कामाबद्दल बोल लावत नाही. त्याला खुपते ती तिची अनेक गोष्टींसाठीची तगमग.

या धावपळीत नाताळची तयारी कशी करायची, या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर लूकच्याच तिसऱ्या अध्यायात आहे, आणि तीन वर्षांच्या वाचनचक्रात एका वर्षी ते तिसऱ्या रविवारी वाचले जाते. लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला द्यावा, असे तो सांगतो. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये, शिपायांनी कुणाला लुबाडू नये, पगारात समाधान मानावे. कुणालाही तो काम सोडून वाळवंटात बसायला सांगत नाही. नाताळची आध्यात्मिक तयारी म्हणजे आणखी चार कार्यक्रम, अशी समजूत रूढ असताना हा उतारा मोलाचा आहे. जकातदाराची तयारी जकातनाक्यावरच व्हायची असते.

या तयारीची साधने थोडी आहेत : दिवसाचे नेमलेले वाचन, त्यासाठी राखलेली थोडी शांतता, दानधर्म आणि पापकबुली (गोव्यात कुमसार). पापकबुलीसाठी शेवटच्या दोन दिवसांत रांगा लागतात, म्हणून ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच उरकणे शहाणपणाचे. चार मेणबत्त्यांचे आगमनचक्र हे घरगुती साधन त्या मानाने अलीकडचे. हांबुर्गमध्ये निराधार मुलांची संस्था चालवणारे योहान हिनरिख विखर्न या प्रॉटेस्टंट पाळकांनी १८३९ मध्ये लाकडी चाकावर रविवारच्या मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या, ते त्याचे मूळ. मुलांच्या ‘नाताळ कधी?’ या प्रश्नाला ते रोजचे उत्तर होते.

या काळावरचे विसाव्या शतकातील सर्वांत उत्कट लेखन बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून आले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९४३ मध्ये तेथून लिहिलेल्या पत्रात आगमनकाळाला तुरुंगातील कोठडीची उपमा दिली, कारण दार बाहेरूनच उघडावे लागते. येशूसंघीय धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांनी डिसेंबर १९४४ मध्ये त्याच तुरुंगात, हात बेड्यांत असताना, या काळावर चिंतने लिहिली. २ फेब्रुवारी १९४५ रोजी नाझी राजवटीने त्यांना फाशी दिली.

बाजाराने सणाचा क्रम उलटवला आहे. मेजवान्या डिसेंबरभर झडतात आणि २६ तारखेला सजावट उतरते. कॅथलिक पंचांगात मात्र नाताळकाळ २५ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. भेटीगाठी आणि जेवणावळी यांची जागा तेथे आहे.