सह्याद्रीचे सडे आणि पाऊस

दिव्याच्या आग्नेयेस मलंगगडाचे सुळके दिसतात. त्यांच्या पाठीमागें सह्याद्रीची मुख्य रांग व तिच्या माथ्यावरील गवताळ सडे आहेत. तेथील वनस्पतींचा इतिहास पाहूं जातां डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचें नांव प्रथम पुढें येतें. १८४७ सालीं ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले म्हणजे झरे आटतात, हा इशारा त्यांनीं कोंकणच्या उदाहरणानें सरकारला दिला होता. १८६१ मध्यें त्यांनीं व डॅल्झेल यांनीं मिळून इलाख्यांतील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें डॅल्झेल यांनीं एका दुर्मिळ वनस्पतीस गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचें नांव दिलें. तीच आपली शिंदळ माकुडी.

ही माकुडी शिवनेरीच्या कड्यावर वाढते. तिच्या मांसल खोडांत पाणी सांठतें. कोरड्या ऋतूंत ती पानें टाकून तग धरते. कास पठारावरील सीतेच्या आसवांना ही सोय नाहीं. बोटभर मातींत, पाझरत्या ओलीवर त्यांचें सारें आयुष्य एका पावसाळ्यांत संपतें. भाद्रपदांत उघडीप लांबली तर बीज धरण्यापूर्वींच तीं वाळावयाचीं. एका वर्षाची तूट कदाचित् भरून निघेल. लागोपाठच्या वर्षांची कशी निघणार? हवा तापली म्हणजे वनस्पति वर सरकतात. पण जी आधींच माथ्यावर आहे तिनें कोठें जावें?

२०१२ मध्यें कासचा समावेश जागतिक वारशांत झाला. त्यानें तुडवणूक थांबवितां येईल; पाऊस आणतां येणार नाहीं. गिब्सन यांचा इशारा एका प्रांताच्या जंगलतोडीपुरता होता. आज सर्व पृथ्वीचीच हवा तापत असतां तो अधिक व्यापक अर्थानें वाचला पाहिजे.