तालमीतला खुराक आणि डब्यातली पावडर

आमच्या कर्जतमध्ये आता व्यायामशाळेला 'जिम' म्हणतात. जुने विद्यार्थी भेटले की आपल्या मुलांच्या पावडरच्या डब्यांविषयी विचारतात, "सर, याची खरंच गरज असते का हो?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला, वैद्यकी नव्हे. तेव्हा उत्तरही इतिहासाच्या वाटेनेच देतो.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले. तालमीत जोर-बैठकांइतकाच मान खुराकाला. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. अमिनो आम्ल हा शब्द तिथे कुणाला ठाऊक असणार? पण फ्रान्समध्ये ब्राकोनो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्येच स्नायूंतून ल्युसिन वेगळे केले होते. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून काढायला ल्युसिन चालना देते, हे पुष्कळ पुढे कळले.

मात्र गवंड्याला नुसती हाक मारून भिंत उभी राहत नाही, विटाही लागतात. आहारातूनच मिळवावी लागणारी अमिनो आम्ले नऊ. 'बीसीएए'च्या डब्यात त्यांतली मुख्यतः तीनच. दुधात नऊही आहेत. भातात लायसिन कमी, ते वाल भरून काढतो. वालात मेथिओनिन कमी, ते भात पुरवतो. भात कापल्यावर त्याच शेताच्या ओलीवर वाल पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने हे कुठल्या पुस्तकात वाचले होते?

दुसरी गोष्ट विश्रांतीची. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले, ते लोकांच्या मदतीवर. प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथे एका दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, असे सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता.

दम परत यायला अर्धा तास, तर स्नायू सावरायला एक-दोन दिवस लागतात. खुराक कितीही चांगला असो, हा वेळ द्यावाच लागतो. म्हणून पालकांना मी सांगतो: मुलगा दूध, अंडी, डाळ, उसळ नीट खात असेल, तर डब्याची घाई नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रात्री त्याला वेळेवर झोपू द्या. त्याला पैसे पडत नाहीत.