पिकअप ट्रकची निगा: मालकाच्या हातून सुटत गेलेले काम

पिकअप ट्रक अमेरिकेत कारखान्याच्या आधी शेतावर आणि लोहाराच्या भात्यापाशी जन्माला आला. १९०८ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने ‘मॉडेल टी’ मोटार बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत तिची मागची बाजू कापून तेथे लाकडी हौदा ठोकण्याचा उद्योग गावोगाव सुरू झाला. १९१७ मध्ये फोर्डने एक टन ओझे पेलणारी ‘मॉडेल टीटी’ विकायला काढली, पण तीही नुसती चासी. वरचा सांगाडा ज्याने त्याने बांधून घ्यायचा. शेवटी १५ एप्रिल १९२५ रोजी पत्र्याचा हौदा, मागे उघडणारा फाळका आणि ओझ्यासाठी भक्कम पाटे असलेली ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ थेट कारखान्यातून मिळू लागली. किंमत होती २८१ डॉलर.

ही गाडी घेणारा बहुतेक वेळा शेतकरी किंवा छोटा दुकानदार असे आणि दुरुस्तीची सोय त्याच्यापासून कित्येक मैल दूर असे. म्हणून फोर्डने मालकांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक पुस्तिका छापली. अवघड कामे कंपनीच्या एजंटाकडून करून घ्यावीत, असा सल्ला तिच्यात होता. तरीही झडपा घोटणे, काजळी खरवडणे, पट्टे आवळणे ही आज गॅरेजची मानली जाणारी कामे मालकाला समजतील अशा भाषेत तिने सांगितली. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांमधल्या शेतीविषयक व्यवसाय शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळाला आणि त्या वर्गांत शेतावरची यंत्रे दुरुस्त करणेही शिकवले जाऊ लागले. पाना चालवता येणे हा शेतकऱ्याच्या अंगचा गुणच धरला जात होता.

त्याची गरजही होती. मॉडेल टीच्या इंजिनात ऑइल पंपच नव्हता. फ्लायव्हीलवर बसवलेले लोहचुंबक फिरताना तेल उडवत. त्यातले काही एका बारीक नळीतून इंजिनाच्या पुढच्या भागापर्यंत जाई आणि कनेक्टिंग रॉडची टोके ते शिंपडून सिलिंडरपर्यंत पोचवत. तेल किती उरले हे पाहायला दांडीही नव्हती. फ्लायव्हीलच्या कवचाला खालच्या अंगाने दोन छोट्या तोट्या होत्या, एक जरा वर आणि एक खाली. चालकाने गाडीखाली शिरून त्या उघडून पाहायच्या. वरच्या तोटीतून तेल ठिबकले तर ते भरपूर आहे, आणि खालच्या तोटीतूनही आले नाही तर गाडी जागची हलवायची नाही. साधारण चार लिटर तेल मावे आणि सातशे-हजार मैलांमागे ते काढून टाकावे लागे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच असल्यामुळे गिअरच्या सुती पट्ट्यांचा झिजलेला धागा तेलात मिसळे आणि त्या बारीक नळीत अडके. मग पुढच्या बेअरिंगला तेल कमी पडे आणि इंजिन ठोके देऊ लागे.

ठोके येऊ लागले की बेअरिंग घट्ट करण्याचे काम निघे. ही बेअरिंगे कथिलाच्या मऊ मिश्रधातूची, म्हणजे बॅबिटची, जागेवरच ओतलेली असत. इंजिनाखालची पाटी काढायची, रॉडचे झाकण सोडवायचे, त्याची कड कानशीने किंचित घासायची आणि परत आवळायचे. कानस जरा जास्त चालली तर शाफ्ट जाम होई. पुढच्या काळात पातळ शिंपल्यासारखी बदली बेअरिंगे आली आणि ही कारागिरी संपली, पण लगेच नाही. शेवरलेच्या पिकअपमध्ये १९२९ पासून वापरलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात शिंपडून वंगण देण्याची पद्धत आणि बॅबिटचे रॉड १९५३ पर्यंत टिकून होते. फोर्डने १९३२ मध्ये ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आणले तेव्हा जाहिरातींत ताकदीचा गाजावाजा झाला. जुन्या पद्धतीचे शेवरले इंजिन मात्र दुरुस्तीला सोपे म्हणून शेतकऱ्यांना आवडत राहिले.

तेलाची सुधारणा इंजिनाच्या सुधारणेइतकीच महत्त्वाची ठरली, आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने १९११ मध्ये तेलाच्या दाटपणाचे पहिले वर्गीकरण केले. डब्यावर आज दिसणारे ‘एसएई’चे आकडे तेथून निघाले. १९२० च्या दशकात अर्नेस्ट स्वीटलँड यांनी तेल गाळण्याचा फिल्टर तयार केला आणि १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत तेलाचा व हवेचा असे दोन्ही फिल्टर होते. पिकअपला मात्र ते पुष्कळ काळ जादा पैसे मोजून घ्यावे लागत. धुळीच्या कच्च्या रस्त्यावर, नांगरटीच्या शेताकडेने फिरणाऱ्या गाडीला फिल्टरची गरज शहरी मोटारीपेक्षा जास्त होती, आणि मिळाला तो तिला उशिरा. १९३० च्या दशकात डिझेल ट्रॅक्टरांच्या पिस्टन रिंगा चिकटू लागल्या, त्यावर उपाय म्हणून तेलात काजळी धुऊन काढणारी रसायने घालणे सुरू झाले. १९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने तेलाचे साधे, उत्तम आणि जड कामाचे असे तीन वर्ग ठरवले. १९५० च्या दशकात थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहणारे मल्टिग्रेड तेल रुळले, तेव्हा हिवाळा आला की तेल बदलायचे हा नेम हळूहळू सुटला.

ग्रीसची गोष्ट याहून सरळ आहे. सुरुवातीला पाटे, किंगपिन, स्टिअरिंग यांच्या सांध्यांवर छोटे पेले असत. त्यांत ग्रीस भरून झाकण रोज थोडे थोडे पिळायचे. ‘अलेमाइट’ पद्धतीत दाबाने ग्रीस ढकलणारी पिचकारी आली. पुढे ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झर्क यांनी सुधारलेल्या निपलला १९२९ मध्ये पेटंट मिळाले, आणि तेच लहानसे, गोल डोक्याचे निपल जगभरच्या वर्कशॉपमध्ये पसरले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जुळवायला सुरुवात केली. कारखाना शिवडीला होता आणि तेथून शेवरलेचे ट्रक बाहेर पडत. ग्रीसपंप आणि निपल ही जोडी मराठी मिस्त्रीच्या परिचयाची झाली ती अशाच गाड्यांबरोबर.

गिअरबॉक्सच्या निगेत मॉडेल टी सर्वांत वेगळी. तिला गिअर बदलण्याचा दांडा नव्हता. तीन पॅडल होती: डावे हळू-वेगाचे, मधले मागे जाण्याचे, उजवे ब्रेकचे. प्रत्येक पॅडल सुती अस्तर लावलेला एक पट्टा फिरत्या ड्रमभोवती आवळे. अस्तर झिजले की पट्टा घसरू लागे. हळू वेगाचा पट्टा बाहेरूनच नट फिरवून आवळता येई; बाकीच्या दोघांसाठी वरची पाटी काढून आत हात घालावा लागे. आतला नट निसटून खाली पडला तर तो शोधण्यात दिवस जाई, म्हणून शहाणे मालक त्याला आधी दोरा बांधत. हळू वेगाचा पट्टा कमजोर झालेली गाडी चढ चढेना, तेव्हा ती उलटी फिरवून मागच्या गिअरमध्ये वर नेत. पेट्रोलची टाकी सीटखाली असून पेट्रोल केवळ उतारानेच इंजिनाकडे येई, त्यामुळे उलट चढण्याचा हा उपाय कमी पेट्रोल असतानाही कामी पडे.

१९२८ च्या ‘मॉडेल ए’मध्ये फोर्डनेही सरकते गिअर घेतले. मग चालकाला डबल क्लच दाबून गिअरचा वेग जुळवावा लागे. तो चुकला तर दाते खरडत आणि त्यांचे तुकडे तेलात पडत. कॅडिलॅकने त्याच वर्षी गिअरचे वेग आपोआप जुळवणारे सिंक्रोमेश आणले, पण पिकअपला ते बरेच नंतर मिळाले, आणि चार गिअरच्या जड पेटीतला पहिला गिअर तर पुढेही विनासिंक्रोमेश राहिला. तो मुळी रस्त्यासाठी नव्हताच. बैलाच्या चालीने शेतात गाडी सरकवण्यासाठी होता.

१९५३ मध्ये फोर्डच्या एफ-१०० ला आणि १९५४ मध्ये शेवरलेच्या पिकअपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मागवता येऊ लागला आणि मालकाचा हात तेथून जवळजवळ सुटला. या पेटीत तेल वंगणाबरोबर दाबाचे आणि शक्ती पोचवण्याचे कामही करते, त्यामुळे चुकीचे तेल घातले तर पेटी नुसती झिजत नाही, चालायचीच थांबते. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये त्यासाठी ‘टाइप ए’ हे तेल ठरवून दिले. क्लचच्या चकत्या झटका न देता धरल्या जाव्यात म्हणून या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत. १९७० मध्ये हा देवमासा अमेरिकेच्या संरक्षित यादीत गेला आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. मालकाच्या वाट्याला उरले ते दांडी काढून पाहणे: तेल लालसर असावे, काळपट आणि जळका वास येणारे नसावे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत तेल तापून लवकर खराब होते, म्हणून वेगळा कूलर बसवण्याची पद्धत पडली.

टायरची निगा सर्वांत कष्टाची होती, आणि ती सर्वांत उशिरा सुटली. मॉडेल टीचे पुढचे टायर तीन इंच आणि मागचे साडेतीन इंच जाडीचे; मागच्यात साठ पौंडांच्या आसपास हवा. पंक्चर झाले की रस्त्यातच पट्ट्यांनी टायर रिमवरून उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि हातपंपाने हवा भरायची. आधी टायर पांढरट असत. रबरात काजळी मिसळू लागल्यावर ते काळे आणि कितीतरी टिकाऊ झाले. १९२३ मध्ये फायरस्टोनने कमी दाबाचा जाड ‘बलून’ टायर आणला आणि कच्च्या रस्त्यावरचे धक्के कमी झाले.

टायरकडे साऱ्या देशाने डोळ्यांत तेल घालून पाहिले ते दुसऱ्या महायुद्धात. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेला मिळणारे सुमारे नव्वद टक्के नैसर्गिक रबर बंद झाले. ११ डिसेंबर १९४१ रोजी नव्या टायरांची विक्री गोठवण्यात आली आणि ५ जानेवारी १९४२ पासून टायरांचे रेशनिंग सुरू झाले. युद्धात अमेरिकेत रेशनवर आलेली ही पहिली वस्तू. मोटारमालकाने पाचच टायर ठेवायचे, बाकीचे सरकारला विकायचे. टायरांचे क्रमांक लिहून घेतले जात आणि त्यांची ठरावीक मुदतीने तपासणी होई. वेगमर्यादा ताशी ३५ मैल झाली. १ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलही रेशनवर गेले, ते मुख्यतः पेट्रोल नव्हे तर टायर वाचावेत म्हणून. मालवाहू गाड्यांना ‘वॉर नेसेसिटी’चे प्रमाणपत्र लागे आणि त्यावर त्यांचे मैल व पेट्रोल ठरे. नवी पिकअप मिळणे दुरापास्त झाले, म्हणून जुन्याच गाडीला जपणे भाग पडले. हवा वरचेवर मोजणे, टायरांच्या जागा आलटून पालटून बदलणे, चाकांची रेघ जुळवणे, झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून घेणे या सवयी पूर्वी काटकसरी माणसाच्या होत्या; त्या आता सरकारी सूचना झाल्या. याच सक्तीतून स्टायरीन आणि ब्युटाडीनपासून कृत्रिम रबर बनवण्याचा मोठा उद्योग उभा राहिला.

युद्धानंतर टायर बदलत गेले. मिशलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले, पण अमेरिकेत तो रुळायला १९७० चे दशक उजाडले. जड पिकअपांवर दोन तुकड्यांचे ‘स्प्लिट रिम’ बराच काळ टिकले. त्यांचे कडे नीट न बसता हवा भरली तर ते तोफगोळ्यासारखे उडे आणि त्यात माणसे दगावत. १९८० मध्ये अशा रिमांच्या कामासाठी लोखंडी पिंजरा वगैरे बंधने कायद्याने आली.

इंजिनाचे मालकाकडे उरलेले कामही याच सुमारास आटले. १९७५ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले; ट्रकांसाठी धुराचा हा नियम सहा हजार पौंडांपर्यंतच लागू होता, म्हणून फोर्डने त्याहून जड वजनात बसणारी एफ-१५० त्याच वर्षी काढली. ती पळवाटही नियम कडक झाल्यावर बंद झाली. इग्निशनचे पॉइंट घासून अंतर जुळवण्याची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली आणि १९९६ पासून गाडीचा दोष सांगायला ओबीडी-२ चे सॉकेट सक्तीचे झाले.

टायरचा दाब मोजण्याचे काम तेवढे उरले होते. २००० मध्ये फोर्ड एक्सप्लोरर आणि रेंजर पिकअप यांवरचे फायरस्टोनचे लाखो टायर परत मागवावे लागले. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ‘ट्रेड’ कायदा केला आणि २००७ पासून दहा हजार पौंडांपर्यंतच्या सर्व नव्या गाड्यांत दाब कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. या यंत्रणेचा दिवा शिफारशीपेक्षा दाब पंचवीस टक्के उतरल्यावरच लागतो. हौदा भरलेला असताना मागच्या टायरला जास्त हवा हवी असते, ती भरली आहे की नाही हे त्याला समजत नाही. अनेक गाड्यांत हा दाब चाकाच्या आत बसवलेला सेन्सर मोजतो. त्याची बॅटरी काही वर्षांनी संपते, आणि ती संपली की टायर उतरवून सेन्सरच बदलावा लागतो.