कूरस : कोळशावर उभे राहिलेले गाव

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात, फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठावर कूरस नावाचे एक लहानसे खेडे आहे. इंग्रजी लेखनात त्याच्या नावात ‘ल’ येतो. उच्चारात तो लोप पावतो. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या शिखरभिंती, तांबडी कौले आणि गोट्यांनी बांधलेल्या अरुंद गल्ल्या यांमुळे हे गाव सतराव्या शतकातच थबकल्यासारखे भासते. हे थबकणे मात्र गावाने स्वेच्छेने पत्करलेले नव्हते.

गावाच्या वरच्या अंगाला १२१७ मध्ये फाइफचा अर्ल माल्कम याने सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापिला. मठाचे चर्च दोन वर्गांसाठी विभागलेले होते : पूर्वेकडे दीक्षित साधूंचे उपासनास्थान, पश्चिमेकडे श्रमाची कामे करणाऱ्या बंधूंचा सभामंडप. येथील कोळसा प्रथम या मठानेच खणविला. पुढे श्रमिक बंधूंचा वर्गच नाहीसा झाला आणि त्यांच्या मंडपाचे भग्नावशेष तेवढे राहिले. साधूंची बाजू धर्मसुधारणेनंतरही टिकली. १६३३ मध्ये तिला परगण्याच्या चर्चचा दर्जा मिळाला आणि गावापासून दूर असलेले जुने पश्चिम चर्च ओस पडले. वापरात राहील ती वास्तू वाचते, हा वास्तुइतिहासातील साधा नियम येथे एकाच आवारात पाहावयास सापडतो.

मठाची खाण १५७५ मध्ये जॉर्ज ब्रूस या कर्तबगार व्यापाऱ्याच्या हाती आली. त्याने कोळशाचा थर खाडीच्या तळाखाली खणत नेला आणि भरतीच्या पाण्यात दगडी बांधाचे वर्तुळाकार बेट उभारून खाणीला दुसरे तोंड काढले. जहाजे थेट या बेटाला लागत. खाणीतले पाणी उपसण्यासाठी छत्तीस बादल्यांची साखळी होती. तीन घोडे ती फिरवीत. मराठी वाचकाला आपल्या रहाटगाडग्याची आठवण व्हावी असेच हे यंत्र. १६१७ मध्ये राजा सहावा जेम्स खाण पाहावयास आला आणि बेटावरच्या तोंडातून बाहेर पडताच चहूकडे पाणी पाहून ‘घात झाला’ असे ओरडला, अशी आख्यायिका आहे. राजाचा भित्रा स्वभाव पाहता ती अगदीच अविश्वसनीय वाटत नाही.

या संपत्तीतून ब्रूसचा वाडा उभा राहिला. त्यावर १५९७ आणि १६११ ही साले कोरलेली आहेत. आज त्याला ‘राजवाडा’ म्हणतात. परंतु तो कोणा राजाचा निवास कधीच नव्हता. पिवळ्या गेरूच्या भिंतींआड चित्रांकित लाकडी छते आहेत. हॉलंडकडे कोळसा व मीठ नेणारी जहाजे परतताना कौले आणीत, तीच गावाच्या छपरांवर चढली. १६२६ चे नगरगृहही याच भरभराटीच्या काळातले. चेटकाचा आरोप आलेल्या स्त्रियांना त्याच्या माळ्यावर कोंडीत असत.

१६२५ च्या वादळात समुद्र खाणीत शिरला आणि त्याच वर्षी ब्रूसही मरण पावला. कालांतराने व्यापार दुसरीकडे गेला. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा गावात उरला नाही, म्हणूनच ती उरली. १९३२ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या नव्याने स्थापन झालेल्या संस्थेने वाडा सातशे पौंडांना विकत घेतला आणि पुढे अनेक लहान घरांचीही डागडुजी केली.

मठाच्या चर्चमध्ये ब्रूस व त्याची पत्नी यांच्या शुभ्र अलाबास्टरच्या प्रतिमा पहुडलेल्या आहेत. समोर त्यांची आठ मुले गुडघे टेकून बसली आहेत. कबरस्तानात लोहारांच्या शिळांवर मुकुटधारी हातोडा दिसतो. खाणमजुरांच्या वाट्याला मात्र निराळेच स्मारक आले : १६०६ चा कायदा. त्यान्वये धन्याच्या दाखल्यावाचून खाणकामगाराला वा मिठागरावरील मजुराला दुसरीकडे काम घेता येत नसे. प्रत्यक्षात तो जन्मभर खाणीशी बांधला जाई. वाडा पुरा होत होता त्याच वर्षांतली ही गोष्ट. हे बंधन १७७५ च्या कायद्याने सैल झाले, ते पुरते तुटले १७९९ मध्ये. ज्या बेटाखाली ही माणसे राबली, त्याच्या पायाचे दगड ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात अजूनही दिसतात.