थंडीच्या मुलखात गारव्याची राखण

ज्या देशात हिवाळ्यात समुद्राचे पाणी गोठते, त्या देशात एखादी खोली गार राखण्यासाठी मोठी यंत्रे बसवावीत आणि त्या यंत्रांवर माणसांनी रात्रंदिवस पहारा करावा, ही गोष्ट ऐकताच उलटी गंगा वाहिल्यासारखे वाटते. तथापि फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे या देशांत आज हेच घडत आहे. ज्यांना डेटा सेंटर किंवा विदाकेंद्र म्हणतात, ती संगणकांची प्रचंड कोठारे तेथे डोंगरांच्या पोटात आणि समुद्राच्या काठी उभी आहेत. त्यांच्या गारव्याची कथा थोडी मागे जाऊनच सांगितली पाहिजे.

संगणकाला लागणारी वीज अखेर जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेत परिणत होते. १९४६ साली फिलाडेल्फिया येथे लोकांपुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला दीडशे किलोवॅट वीज लागे. म्हणजे दीडशे शेगड्या एका दालनात अखंड पेटत्या ठेवाव्यात, तसा तो प्रकार होता. ती उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठाले पंखे लावावे लागले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. पुढे नळ्या गेल्या, सूक्ष्म घटक आले. परंतु ते इतके दाटीवाटीने बसू लागले की उष्णतेचा प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच तीव्र झाला.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. माणसासाठी हवा गार करणे वेगळे आणि यंत्रासाठी गार करणे वेगळे. किंबहुना आधुनिक वातानुकूलनाचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालाच नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व आकसे, आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता ताब्यात ठेवणारी योजना आखली. नेमकेपणाची ही गरज संगणकाने वारशाने घेतली. १९६५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात राल्फ लीबर्ट यांनी खास संगणकगृहांसाठी शीतनयंत्रे तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. अमेरिकन वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २००४ साली संगणकात शिरणाऱ्या हवेसाठी २० ते २५ अंश सेल्सिअस ही मर्यादा सुचविली आणि २००८ साली ती १८ ते २७ अंशांपर्यंत सैल केली. ही सैलावलेली मर्यादा उत्तरेकडील देशांच्या पथ्यावर पडली. कारण वर्षातील बहुतेक दिवस बाहेरची हवा त्याहून थंडच असते.

इतिहासाची गंमत पाहा. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने टस्कनी नावाच्या जहाजातून १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासात बराचसा वितळूनही सुमारे १०० टन बर्फ सुखरूप पोहोचला. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही असा बर्फ येऊ लागला. त्या काळी थंडी जहाजात बसून उष्ण देशांकडे येत असे. आज आपले हिशेब, पत्रे आणि छायाचित्रेच थंडीच्या शोधात उत्तरेकडे निघाली आहेत.

स्टॉकहोममध्ये व्हिटा बेर्येन या टेकडीखाली युद्धकाळातील एक आश्रयस्थान होते. ग्रॅनाइटच्या सुमारे ३० मीटर जाड कवचाखालील त्या भुयारात २००८ साली पिओनेन हे डेटा सेंटर सुरू झाले. नॉर्वेत रेन्नेसय बेटावर नाटोचा दारूगोळा जेथे साठविला जाई, त्या डोंगरी कोठारात आता संगणक आहेत आणि फिओर्डच्या खोल भागातील सुमारे ८ अंशांचे पाणी त्यांची उष्णता वाहून नेते. फिनलंडमधील हामिना येथे वर्तमानपत्रांचा व मासिकांचा कागद बनविणारी गिरणी २००८ साली बंद पडली. पुढील वर्षी गूगलने ती विकत घेतली आणि २०११ साली तेथे डेटा सेंटर चालू केले. गिरणीसाठी खोदलेला जुना बोगदाच आज समुद्राचे थंड पाणी आत आणतो. कागदाची जागा कशाने घेतली, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

आता कोणी विचारील की, खिडक्या उघडल्या की काम झाले, मग राखण कसली? श्रोतेहो, खरी अडचण येथेच आहे. उणे २० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर एक ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम मावते. ती थंड हवा आत घेऊन तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता अवघी सहा टक्क्यांच्या आसपास उरते. इतक्या कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर स्थिर विद्युत साचते आणि स्पर्शासरशी उडालेली ठिणगी नाजूक घटक जाळून टाकते. म्हणून बाहेरच्या हवेत संगणकांची उष्ण हवा मोजून मिसळावी लागते आणि वेळप्रसंगी ओलावाही द्यावा लागतो.

पाण्याचे दुखणे निराळे. नळातील पाणी गोठले की ते प्रसरण पावते आणि नळ फुटतो. त्यासाठी पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. परंतु त्याचे प्रमाण वाढले की मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची शक्ती घटते आणि कमी पडले की गोठण्याचे भय उरते. म्हणून ते प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. बाहेर ठेवलेल्या कॉम्प्रेसरमधील तेल थंडीने घट्ट होते, म्हणून गार करणाऱ्या यंत्रालाच ऊब द्यावी लागते! हवेच्या झरोक्यांवर हिम साचते. समुद्राच्या पाण्याबरोबर क्षार आणि शिंपले येतात. त्यामुळे ते पाणी संगणकांजवळ न नेता उष्णता-विनिमयकातून फिरवितात आणि ते विनिमयक घासूनपुसून स्वच्छ ठेवतात. हे सारे संगणक चालू असतानाच करायचे. त्यासाठी एक यंत्र उघडले की दुसरे त्याचा भार उचलील, अशी व्यवस्था आधीच केलेली असते. शिवाय जागा पहाऱ्याची. कारागिराला प्रत्येक दारावर ओळख पटवूनच आत जावे लागते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी लागते.

निसर्गाच्या थंडीवर विसंबण्याची मर्यादा स्वालबार येथील बियाण्यांच्या जागतिक भांडाराने दाखवून दिली. २००८ साली उघडलेले हे भांडार सदैव गोठलेल्या भूमीत आहे. तरीही आतील उणे १८ अंशांसाठी यंत्रे चालवावी लागतात. २०१६ च्या शरद ऋतूत अवेळी उष्मा वाढून पाऊस पडला आणि पाणी प्रवेशबोगद्यात शिरून तेथेच गोठले. बियाणे सुरक्षित राहिले. परंतु बोगदा नव्याने जलाभेद्य करावा लागला आणि उष्णता देणारी विद्युतसामग्री बोगद्याबाहेर न्यावी लागली. जी थंडी चिरंतन म्हणून गृहीत धरली होती, तीच डळमळली.

मग बाहेर पडणाऱ्या उष्णतेचे काय? उत्तरेत ती वाया घालविणे हा अपव्ययच ठरतो. म्हणून तेथे अशी उष्णता गावातील घरे उबदार ठेवणाऱ्या नळयोजनेत सोडू लागले आहेत. हामिनाच्या केंद्रातील उष्णता त्या गावाला पुरविण्याची योजना २०२४ साली जाहीर झाली.

मुंबई-हैदराबादकडील डेटा सेंटरांना हिमाची चिंता नाही. त्यांच्या वाट्याला दमट पावसाळा आणि तापलेला वैशाख आला आहे. तथापि दोन्हीकडचे मर्म एकच. आपल्या पूर्वजांनी मोडी दप्तरे कापडाच्या रुमालात बांधली, ती वाळवी आणि ओल यांपासून जपली, म्हणून ती आपल्या हाती आली. जी जपली गेली नाहीत, त्यांच्याबरोबर त्या काळातील कित्येक माणसांची साक्षही गेली. आजचे दप्तर दिसत नाही, हातात धरता येत नाही. म्हणून त्याला राखणदार लागत नाही असे आपण समजून चालतो. पण एखादा अनाम कारागीर पहाटे तापमापक पाहतो, गाळणी बदलतो, ग्लायकॉल तपासतो, म्हणूनच ते टिकते. थंडी निसर्ग फुकट देतो. नेमकेपणा मात्र माणसालाच द्यावा लागतो.